झेपेल तेवढं बेट

"आई, आपल्या कॉम्प्युटरवर तो गेम चालायचा नाही. तू नादाला लागू नको," असं म्हणून नम्रताने फोन ठेवला, आणि गोदा हातातली नारळाची कवड तशीच धरून विचार करत राहिली. का नाही चालणार?

गोदा दापोलीजवळच्या मुरुडची. घरामागे सुपारीची बाग होती, ती तिचा नवरा भिकाजी बघायचा. पुढच्या अंगणाला लागून दोन खोल्या बांधल्या होत्या, तिथे पर्यटक उतरायचे, आणि त्यांचं राहणं-जेवण सगळं गोदाच्या हातात होतं. एकुलती मुलगी नम्रता पुण्यात नोकरीला. ती काय करते असं कोणी विचारलं की गोदा "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगायची. कारण खुद्द नम्रताच सांगत नव्हती. कंपनी गेम बनवते हे माहीत होतं, पण कुठला, कसला, त्यात हिचं काम काय, हे विचारलं की म्हणायची, "बाहेर यायच्या आधी बोलायची परवानगी नाही गो."

आता तो गेम बाहेर आला होता. कुठल्याशा परदेशी कंपनीचा, भलामोठा. त्यात एक आडबाजूचं बेट होतं, आणि त्या बेटावरची झाडं, वेली, गवत बनवायचं काम पुण्याच्या ऑफिसकडे होतं. म्हणजे नम्रता आणि तिच्या दोन-चार सोबत्यांकडे. हे ऐकल्यावर गोदाला एका जुन्या गोष्टीचा उलगडा झाला. मागे एका मे महिन्यात नम्रता घरी आली होती, तेव्हा ती रोज सकाळी पांढरं फडकं घेऊन समुद्रकाठच्या पुळणीवर जायची. एकेक पान फडक्यावर ठेवायची, वरून फोटो, मग उलटून खालून फोटो. मर्यादवेलीचं पान, केवड्याचं, उंडीचं. पोरीला शहरात राहून काय झालंय, असं तेव्हा भिकाजी म्हणाला होता.

गेमचं नाव इंग्रजीत लांबलचक होतं. गोदा त्याला सरळ 'बेट' म्हणायला लागली.

नम्रताने व्हिडिओ पाठवला. गोदाने तो फोनवर बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. कोणीतरी त्या बेटावरून पळत होतं आणि आपण त्याच्या डोळ्यांतून बघत होतो. वाळूवर एक वेल पसरलेली दिसली. गोदा पुढे वाकली, तेवढ्यात तो पळणारा वळला आणि भिंतीवरून उडी मारून पलीकडे गेला. तिने व्हिडिओ मागे नेला. पुन्हा वेल आली, पुन्हा त्याने उडी मारली. कितीही वेळा बघितलं तरी तो मेला तिथे थांबायचा नाही.

"मला माझं मला चालून बघायचंय," तिने नम्रताला सांगितलं. "त्याच्या मागनं फरफटत नाही जायचं."

"मग पुण्याला ये. ऑफिसच्या मशीनवर दाखवते."

"येईन सवडीने. पण घरच्यावर का नाही चालणार, ते तरी सांग."

"तो माझ्या कॉलेजातला कॉम्प्युटर आहे, आई. त्याला झेपणार नाही." एवढं बोलून ती घाईघाईने दुसऱ्या विषयावर गेली.

कॉम्प्युटर होता खरा जुना. नम्रता बारावीनंतर शिकायला गेली तेव्हा घेतलेला. पुढे तिने लॅपटॉप घेतला आणि हा मुरुडला आला. गोदा त्यावर खोल्यांची बुकिंगं बघायची, बिलं काढायची. पण झेपणार नाही म्हणजे काय? वजन उचलायचंय थोडंच? चित्रच तर दाखवायचंय. व्हिडिओ दाखवतो, सिनेमा दाखवतो, मग बेट का नाही दाखवणार? दिवाळीची गर्दी ओसरली होती, खोल्या रिकाम्या होत्या आणि डोक्याला दुसरा उद्योग नव्हता. दुसऱ्या दिवशी गोदाने कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळला आणि दापोलीची एसटी पकडली.

कंडक्टरने तिच्या मांडीवरच्या गाठोड्याकडे बघितलं. "काय आहे, काकी? दवाखान्यात नेताय कोणाला?"

"तसंच समज," गोदा म्हणाली.

दापोलीत उझमाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. उझमा बुरोंडीची, तिशीतली. नवरा बोटीवर नोकरीला, म्हणून ती सासर-माहेर सांभाळून हे दुकान चालवत होती. गोदाचा प्रिंटर दोनदा तिनेच वाचवला होता. गोदाने सगळी हकिकत सांगितली तशी उझमाने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"नम्रताने केलेली झाडं? ह्या गेममध्ये?" ती म्हणाली. "काकी, सगळं जग खेळतंय हा गेम. थांबा, आधी बघू तो मागतो काय."

तिने दुकानाच्या स्क्रीनवर गेमचं पान उघडलं. त्यात दोन रकाने होते. एका रकान्यात निदान एवढं तरी हवं असं लिहिलं होतं, दुसऱ्यात एवढं असलं तर उत्तम. मग तिने गोदाच्या डब्याचं झाकण काढलं, आत फुंकर मारली आणि धूळ उडाल्यावर दोघीही खोकल्या.

"ह्या रकान्यातही बसत नाही आणि त्या रकान्यातही," उझमा म्हणाली.

"म्हणजे नाहीच?"

"कंपनीवाले आपल्या सोयीने लिहितात, काकी. लोकांनी नंतर ओरडू नये म्हणून जरा जास्तच मागून ठेवतात. पण आपलं मशीन जरा नाही, बरंच खाली आहे."

"पण सिनेमा चालतो की त्याच्यावर."

"सिनेमात चित्रं आधीच काढून ठेवलेली असतात, मशीन नुसतं एकामागून एक दाखवतं. गेममध्ये तुम्ही मान कुठे वळवाल ते कोणाला माहीत? म्हणून तुम्ही वळाल तसं त्याला समोरचं चित्र तिथल्या तिथे काढावं लागतं. एका सेकंदात पन्नास-साठ चित्रं काढली तर हालचाल सरळ दिसते. कमी काढली की अडखळते."

गोदा त्या उघड्या डब्याकडे बघत राहिली. एवढा वेळ तिला वाटत होतं, बेट कुठेतरी आत भरून ठेवलेलं असेल. हा बिचारा दर खेपेला नव्याने काढणार होता.

उझमाने मेमरीची पट्टी वाढवली, आतली जुनी डिस्क बदलून वेगवान बसवली. इंटरनेटवरून गेम उतरवायला दुकानातल्या लाइनलाही दुपार पुरली नाही, म्हणून डबा तिथेच ठेवून गोदा परत आली. तिसऱ्या दिवशी गेली, तर गेम सुरू होऊन काळा पडदा आला, एक वर्तुळ फिरत राहिलं आणि शेवटी चौकटीत दोन ओळी उमटल्या. चित्र काढायला वेगळं कार्ड लागतं, ते ह्या मशीनमध्ये नाही.

"चांगलं कार्ड ह्यात बसतच नाही," उझमा म्हणाली. "डबा अरुंद आहे आणि वीज पुरवणारा भागही अशक्त. पण बारकं कार्ड मिळालं तर बघू. खेडला एका ऑफिसची जुनी मशीनं निघालीत, त्यांत असेल एखादं."

गोदाने मान हलवली. चार दिवस ती सुपाऱ्या सोलता सोलता भिकाजीला हेच सांगत होती, की चित्र काढणारा वेगळा आणि हिशोब करणारा वेगळा, दोघांना एकाच घरात नांदावं लागतं. भिकाजी हूं म्हणत होता. मग उझमाचा फोन आला. "मिळालं, काकी. या."

कार्ड पानसुपारीच्या डबीएवढं होतं. उझमाने ते बसवलं, गेम सुरू केला. काळा पडदा आला, वर्तुळ फिरलं, फिरतच राहिलं, आणि मग एकदम समोर उजेड झाला.

"आलं!" उझमा ओरडली. शेजारच्या दुकानातला शिंपीसुद्धा डोकावला.

समोर समुद्र होता. म्हणजे निळा, सपाट, पत्र्यासारखा. मागे डोंगर. उझमाने गोदाचा डावा हात बटणांवर ठेवला, उजवा माऊसवर. "हे दाबलं की पुढे. आणि माऊस म्हणजे तुमची मान."

गोदाने मान वळवली ती थेट आभाळाकडे. मग पायांकडे. थोडा वेळ ती एका खडकाला नाक लावून उभी राहिली. एक म्हातारा जवळ येऊन इंग्रजीत काही तरी कामगिरी सांगायला लागला, त्याला तिने तसाच बोलत ठेवला आणि हळूहळू किनाऱ्याने निघाली. प्रत्येक पाऊल अडखळत होतं, पण ती चालत होती. तिची ती.

थोडं गेल्यावर ती थांबली.

"उझमा, झाडं कुठायत?"

उझमाने वाकून बघितलं. वाळू होती, दगड होते. डोंगर उघडाबोडका, मे महिन्यातल्या कातळासारखा तपकिरी. गवताची काडी नव्हती. व्हिडिओत जिथे वेल दिसली होती ती भिंत गोदाने ओळखली, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. खाली नुसती वाळू.

गोदाला वाटलं, पोरीचं काम शेवटच्या घडीला काढून टाकलं असणार. म्हणूनच ती घाईघाईने फोन ठेवत होती. म्हणूनच नादाला लागू नको म्हणाली. पण मग व्हिडिओत होती ती वेल?

"फोन करू का नम्रताला?" उझमाने विचारलं.

"नको, नको. आधी आपण बघू."

उझमाने खेळ थांबवून दुसरं पान उघडलं. तिथे एकाखाली एक इंग्रजी शब्द होते आणि प्रत्येकासमोर खाली-वर करायची पट्टी. सावल्या, पाणी, ढग, दूरवरचं दिसणं. गेमने मशीन ओळखून सगळ्या पट्ट्या आपोआप तळाला नेल्या होत्या. एका शब्दावर उझमा अडली. फोनवर बघून म्हणाली, "फोलिएज. म्हणजे झाडोरा. आणि हा तळाला नाही, काकी. हा बंदच आहे."

"म्हणजे झाडं आहेत?"

"आहेत. मशीन दमेल म्हणून काढत नाहीये."

गोदाने मोठा श्वास सोडला. आणि लगेच पुढचा प्रश्न तिच्या तोंडातून निघाला. "आधी झाडंच का गाळली? दगड का नाही गाळले?"

उझमाला हसू आलं. "दगड गाळले तर माणूस खाली पडेल. पानं असतात लाखो, प्रत्येक पान वेगळं काढायचं, त्याला वेळ लागतो. आणि पानं नसली तरी खेळ अडत नाही."

खेळ अडत नाही हे खरंच होतं, पण ते ऐकून गोदा जराशी दुखावली. उझमाने झाडोऱ्याची पट्टी पुरी वर केली. क्षणभर सगळं हिरवं झालं आणि चित्र थिजलं. तिथून ते हललंच नाही. शेवटी मशीन बंद करून पुन्हा सुरू करावं लागलं.

"घरी नेते," गोदा म्हणाली. "निवांत बघते. बिघडणार तर नाही ना?"

"बिघडत नाही. फार तर थिजेल. तापला तर मात्र बंद करा." स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा दिसायची सोय तिने करून दिली. सेकंदाला किती चित्रं निघतात ते त्यावरून कळायचं. "दहाच्या खाली गेला तर चालता येणार नाही, काकी."

त्यानंतरचे दिवस गोदाचे असे गेले, की सकाळची कामं उरकली की ती कॉम्प्युटरपुढे बसायची. एक पट्टी हलवायची, बेटावर जाऊन यायची, आकडा बघायची. तिची रीत साधी होती. एकदम दहा-बारा माणसं जेवायला आली आणि शेगडी एकच मोकळी असली, की ती काय करायची? भात आणि आमटी सोडता येत नाही. मग पापड भाजायचे नाहीत, कोशिंबीर करायची नाही, गोडाचं उद्यावर. इथे तिला झाडं हवी होती. मग बाकीचं काय काय सोडता येईल?

सावल्या सोडल्या. ढग सोडले. पाण्यातली प्रतिबिंबं सोडली. लांबचा डोंगर दिसला नाही तरी चालेल असं ठरवलं, तर बेटाभोवती धुकं आलं आणि आकडा चांगला वर गेला. तिने झाडोरा एक पायरी वर नेला. गवत आलं, पण फक्त पावलांजवळ. जाईल तिथे तेवढंच वर्तुळ हिरवं, पुढे पुन्हा वाळवंट. अजून एक पायरी वर नेला की थिजायचं.

मग तिला चित्राचा आकार सापडला. तो लहान केला की सगळं धूसर व्हायचं, चष्मा काढून बघितल्यासारखं, पण मशीन सुटं व्हायचं. एकदा तिने चुकून इतका लहान केला, की बेट विणकामाच्या नमुन्यासारखं चौकोन-चौकोन दिसायला लागलं. तो वाढवता वाढवता एक जागा आली जिथे पानाला पानाचा आकार राहत होता. डबा मात्र तापायला लागला. तिने त्याचं बाजूचं झाकण काढलं आणि टेबलफॅन आणून त्याच्याकडे तोंड करून लावला.

भिकाजी बागेतून आला, ते बघून दारातच थांबला. "अगो, ह्याला काय ताप आलाय?"

"चित्रं काढतोय तो. बसा इथे. बोलू नका."

झाडोऱ्याची पट्टी आता अर्ध्याच्या वर होती. गोदा किनाऱ्याने त्या भिंतीपाशी गेली. आकडा खाली यायला लागला. चौदा, तेरा, अकरा. तिने माऊस अगदी सावकाश खाली वळवला.

वाळूवर मर्यादवेल पसरली होती. धूसर होती, पण पानाला मधोमध ती खाच होती. एकेका पेऱ्यावर जांभळं फूल, आणि जुनी पानं कडेने पिवळी पडलेली. एक-दोन पानांना किड्याने भोकं पाडली होती. गोदाने भोकंसुद्धा मोजायचा प्रयत्न केला. ही कोणी सांगून करवलेली नसणार, हे पोरीने स्वतःच्या मनाने केलेलं असणार, असं तिला वाटलं.

"आपल्याकडलीच की ही," भिकाजी म्हणाला. तो आता स्टूल ओढून बसला होता. "हलत का नाही?"

गोदाला ते सुचलंच नव्हतं. तिने पट्ट्यांचं पान उघडलं, वाऱ्याची पट्टी शोधली, जराशी वर केली. आकडा दहावर आला. वेल हलली. थोडी थांबून, मग थोडी, जत्रेतल्या चावीच्या खेळण्यासारखी, पण हलली. दोघं कितीतरी वेळ बघत राहिली. तो म्हातारा येऊन पुन्हा कामगिरी सांगून गेला.

दुपारी नम्रताचा फोन आला तेव्हा गोदाने जेवलीस का विचारायच्या आधीच सांगितलं, "चालला."

"काय चालला?"

"बेट. आपल्या कॉम्प्युटरवर. तुझी मर्यादवेल बघितली. भोकं पडलेली पानंही बघितली."

नम्रता म्हणाली, "शक्यच नाही. त्या मशीनवर झाडोरा बंद होतो."

"होतो ना. मी चालू केला. बाकीचं सगळं कमी केलं." आणि गोदाने उझमाच्या कार्डापासून टेबलफॅनपर्यंत सगळं क्रमाने सांगितलं.

"सेकंदाला फ्रेम किती येतात?"

"अकरा. वारा लावला की दहा."

"दहा?" नम्रता हसायलाच लागली. "आई, लोकांचा आकडा साठच्या खाली गेला तर शिव्या घालतात आम्हाला."

"लोकांना कुठे तरी पोचायचं असेल. मी तिथेच उभी होते."

हसता हसता नम्रताचा आवाज बदलला. "मी तुला खरं सांगितलं नव्हतं. चालणार नाही असं नव्हतं. एखादं कार्ड घातलं असतं तर रडतखडत चालला असता, पण तुला बोडकं बेट दिसलं असतं, म्हणून व्हिडिओ पाठवला. बऱ्याच जणांना तसंच दिसतं, आई. गेम नीट चालवायचा असेल तर आधी झाडं बंद करा, असंच जो तो सांगतो. पहिल्या आठवड्यात ते वाचून मी जेवले नव्हते."

गोदा ऐकत होती. पोरीची समजूत घालावी असं तिला वाटलं, पण तिला खोटं काही सुचेना. "उझमा म्हणाली, त्यांच्यावाचून खेळ अडत नाही," ती म्हणाली.

"नाहीच अडत."

"मग भोकं कशाला पाडत बसलीस पानांना?"

"भोकं नसली तर ती मर्यादवेल वाटत नव्हती. प्लास्टिकची वाटत होती. वरच्यांनी सांगितलं, एवढं कोणी बघत नाही, सोड. मी रविवारी येऊन केली."

"बरं केलंस," गोदा म्हणाली. "पण केवडा मला अजून सापडला नाही. कुठल्या बाजूला लावलायस?"

"उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी. पण तिथे गर्दी आहे झाडांची, मशीन थिजेल."

"खाली बघत बघत जाईन. समोर बघितलंच नाही तर त्याला काढायलाही लागणार नाही."

नम्रता पुन्हा हसली, ह्या वेळी मोकळी. "हे तुला कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? वळू तसं चित्र काढतो ना तो? मग वळायचंच कमी."

त्या संध्याकाळी खोलीत मुंबईचे पाहुणे उतरले आणि चार दिवस गोदाला मान वर करायला फुरसत मिळाली नाही. पाहुणे गेल्यावर ती खाडीच्या वाटेला लागली. अर्ध्या वाटेवर चित्र थिजलं, ती परत फिरली, वारा बंद केला, पुन्हा गेली. केवडा काही तिला नीट बघता आला नाही, हिरव्या चौकोनांचा एक ढीग तेवढा दिसला. पण त्या वाटेवर एके ठिकाणी दगडांची एक लांब रांग होती, भरतीच्या पाण्याने झिजलेली, आणि दगडांच्या खालच्या अंगाला शेवाळाची काळपट रेघ होती. इतके दिवस ती झाडं शोधत त्यांच्यावरून चालत गेली होती. आता ती वाकली आणि बघायला लागली.

रात्रीच्या जेवणाआधी तिने पुण्याला फोन लावला.

"नम्रता, ते खाडीकडले दगड कोणी केले गो?"

"दगड? ते आमच्याकडे नव्हते. पोलंडमध्ये एक मुलगी आहे, तिने केलेत. मी तिला मीटिंगमध्ये पडद्यावरच बघितलंय. का?"

"काही नाही. चांगले केलेत. पाणी कुठवर चढतं ते कळतं त्यांच्यावरून. तिच्या आईच्या कॉम्प्युटरवर चालतो का गो तो गेम?"

"मला काय माहीत, आई!"

"मग विचार ना," गोदा म्हणाली.